वॉटकिन्स ग्लेनला जाण्याआधी: एका जीआर८६च्या ट्रॅक विम्याचे प्रकरण

एडिसन, न्यू जर्सी. २०२३ची टोयोटा जीआर८६ प्रीमियम, मॅन्युअल गिअर, मीटरवर १४,००० मैल. कर्जाचे २३,४०० डॉलर अजून फेडायचे आहेत आणि गाडी आज विकली तर साधारण २७,५०० येतील. मालक पस्तिशीतला मराठी इंजिनीअर. कामावर जायला हीच गाडी. घरातली दुसरी गाडी बायको घेऊन जाते. अडीअडचणीसाठी बँकेत १९,००० डॉलर बाजूला ठेवलेले. आणि कॅलेंडरवर दोन वीकेंडांना लाल गोल: मे महिन्यात मिलव्हिलच्या न्यू जर्सी मोटरस्पोर्ट्स पार्कचा लाइटनिंग ट्रॅक, ऑक्टोबरात न्यूयॉर्क राज्यातला वॉटकिन्स ग्लेन ट्रॅक.

या चार दिवसांसाठी गाडीचा वेगळा विमा काढायचा का, हा प्रश्न. माणूस आणि त्याचे पैशाचे आकडे आम्ही रचलेले आहेत, हप्ते आणि बिलेही अशा गाडीला साजेशी धरली आहेत. पॉलिसीतली भाषा, ट्रॅक आणि गाडीची खोड मात्र खरी.

हौशी ट्रॅक दिवस म्हणजे शर्यत नव्हे. अमेरिकेत त्याला एचपीडीई (हाय परफॉर्मन्स ड्रायव्हर एज्युकेशन) म्हणतात. दिवसातून साधारण वीस-वीस मिनिटांची चार सेशन, अनुभवाप्रमाणे गट, नवख्याच्या शेजारी इन्स्ट्रक्टर. ओव्हरटेक फक्त ठरलेल्या पट्ट्यांवर, तोही पुढच्याने खिडकीतून हात काढून ‘जा’ म्हटल्यावर. नंबर नाही, करंडक नाही. इतके सगळे सभ्यपणे चालले तरी गाडी ताशी शंभर मैलांच्या पुढे जाते आणि मालकाला अजून वळण नीट वाचता येत नसते.

आमच्या मालकाला ट्रॅकवर आणले ते कंपनीच्याच भेटीने. जीआर८६ नवी घेणाऱ्याला टोयोटा नॅशनल ऑटो स्पोर्ट असोसिएशनचे (नासा, अवकाशवाली नव्हे) एका वर्षाचे सभासदत्व देते आणि त्यात एक एचपीडीई फुकट असतो. इथे पहिला गैरसमज होतो. गाडी बनवणाराच ट्रॅकवर बोलावतोय म्हटल्यावर विमाही लागू असणारच, असे वाटते. कूपन टोयोटाचे, पॉलिसी तिसऱ्याच कंपनीची. त्या दोघांचे एकमेकांशी काही बोलणे झालेले नसते.

रोजची पॉलिसी आधी वाचा, आणि शेवटून वाचा

अमेरिकेतल्या वैयक्तिक वाहन पॉलिसीत गाडीच्या नुकसानीचा भाग ‘पार्ट डी’ असतो, दुसऱ्याच्या नुकसानीचा ‘पार्ट ए’. दोन्हींत वगळलेल्या गोष्टींची यादी असते आणि ट्रॅकचे कलम त्यातच सापडते. बऱ्याच कंपन्या ज्या प्रमाण नमुन्यावरून आपली पॉलिसी लिहितात, त्यातल्या कलमाचा आशय असा: शर्यतीसाठी बांधलेल्या जागेच्या आत, आखीव शर्यतीत किंवा वेगाच्या स्पर्धेत भाग घेण्यासाठी, अथवा तिच्या सरावासाठी वा तयारीसाठी गाडी असेल, तर नुकसानभरपाई नाही.

या वाक्यात दोन अटी आहेत: जागा आणि हेतू. एचपीडीईत जागा शर्यतीची असली तरी हेतू शिकण्याचा आहे, असा युक्तिवाद करता येतो. जुन्याजाणत्या मंडळींचे ‘आमच्या वेळी कंपनीने पैसे दिले होते’ हे सांगणे या फटीतून आलेले आहे आणि ते खोटे असेलच असे नाही. पण कंपन्यांनीही ती फट पाहिली. आता अनेक पॉलिसींत ‘ड्रायव्हर ट्रेनिंग’, ‘हाय परफॉर्मन्स ड्रायव्हिंग’ असे शब्द घातलेले दिसतात. काहींनी हेतूचा भाग काढूनच टाकला आहे: शर्यतीच्या ट्रॅकवर गाडी चालवली की संरक्षण संपले. शिकायला गेलात की मिरवायला, याच्याशी देणेघेणे नाही.

मूळ पुस्तिका पहिल्या पानापासून वाचू नका. मागे जोडलेली सुधारणापत्रे आधी काढा. राज्यानुसार बदललेली कलमे तिथे असतात आणि ती मूळ मजकुरावर मात करतात. आमच्या मालकाने पुस्तिकेच्या आतल्या पानावरचे जुने, सौम्य कलम वाचले आणि हुश्श केले. चार दिवसांनी मागच्या जोडपत्रात तेच कलम बदललेले सापडले: ‘शर्यत किंवा उच्च वेगाच्या ड्रायव्हिंगसाठी असलेल्या कोणत्याही ट्रॅकवर’. विषय मिटला.

एजंटला फोनवर विचारून मिळालेले ‘हो, चालेल’ क्लेमच्या दिवशी कामाचे नसते. विचारायचे तर ईमेलवर, दिनांक आणि ठिकाण घालून, आणि उत्तरात कलमाचा क्रमांक मागून.

आणखी एक मार्ग पॅडॉकमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करायच्या जागेत) हसत हसत सुचवला जातो: गाडी ट्रेलरवर घाला, बाहेरच्या रस्त्यावर उतरवा आणि ‘हरीण आडवे आले’ म्हणून सांगा. न्यू जर्सीत विमा फसवणुकीसाठी स्वतंत्र कायदा आहे. शिवाय आजकालच्या गाडीत एअरबॅगच्या कंट्रोल युनिटमध्ये धडकेच्या आधीच्या काही सेकंदांचा वेग, ब्रेक आणि ॲक्सिलरेटरची नोंद राहते. ताशी ८५ मैल, ब्रेक शून्य, आणि दारावर ग्लेनच्या निळ्या गार्डरेलचा (कडेच्या लोखंडी कठड्याचा) ओरखडा: असे हरीण कुठल्या रस्त्यावर असते, ते तपासनीसाला विचारायची गरज पडत नाही.

कर्जाची गाडी

मालकाने हिशेब सुरू केला तो धडकेच्या शक्यतेपासून. सगळेच तिथून सुरू करतात. आमच्या मते तो दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न हा: गाडी गेली तर ‘गेली गंगेला’ म्हणून उद्या सकाळी कामावर जाता येईल का?

या घरात येत नाही. ट्रॅकवर गाडी टोटल झाली, म्हणजे दुरुस्त करणेच परवडेनासे झाले, आणि रोजच्या पॉलिसीने हात वर केले, तर कर्ज देणारी बँक २३,४०० मागतच राहते. बाजूला ठेवलेले १९,००० तिला दिले तरी ४,४०० उरतात आणि कामावर जायला गाडी नाही ती नाहीच. कर्जासोबत घेतलेला ‘गॅप’ विमा इथे वाचवेल असे अनेकांना वाटते. गॅपचे काम मूळ पॉलिसीने दिलेली रक्कम आणि उरलेले कर्ज यांतला फरक भरण्याचे असते. मूळ पॉलिसीने क्लेमच नाकारला तर गॅपला धरायला काहीच उरत नाही. गाडी लीजवर असेल तर करारात ट्रॅकवर नेण्याचीच मनाई आहे का, ते आधी पाहावे.

म्हणून शक्यता शेकड्यात एक असो की पाव, या माणसाला तो फटका पेलणारा नाही. ज्याच्या नावावर फेडलेली जुनी मियाटा (माझदाची छोटी स्पोर्ट्स गाडी) आहे, आठ हजारांची, त्याने हा लेख इथेच सोडून नवे ब्रेक पॅड घ्यायला जावे. त्याला ट्रॅक विमा बहुतेक वेळा नकोच.

ट्रॅक पॉलिसीत काय विकत मिळते

अमेरिकेत एका कार्यक्रमापुरता ट्रॅक विमा मिळतो. हॅगर्टी, लॉक्टन ही त्यातली ठाऊक नावे. गाडीचा तपशील, कार्यक्रमाचे नाव, तारखा आणि ॲग्रीड व्हॅल्यू भरली की भाव येतो. ॲग्रीड व्हॅल्यू, म्हणजे मान्य किंमत: गाडी संपली तर किती द्यायचे ही आधीच ठरलेली रक्कम. नंतर घसाऱ्यावरून वाद नाही.

मालकाने आधी २३,४०० टाकले: कर्ज तेवढे, तर विमा तेवढा. ही चूक नेहमीची. गाडी गेली तर सगळे पैसे बँकेला जातील आणि त्याच्या हाती भोपळा. शिवाय मान्य किंमत कमी ठेवली की मध्यम दुरुस्तीलाही गाडी ‘टोटल’ ठरण्याची वेळ लवकर येते, कारण दुरुस्तीचा खर्च त्या कमी आकड्याशी ताडला जातो. बरोबर आकडा असा काढायचा: तशीच गाडी आज घ्यायला काय पडेल, त्यावर विक्रीकर (न्यू जर्सीत ६.६२५ टक्के), आणि बदललेल्या भागांची पावत्यांसह किंमत. २७,५०० अधिक कर १,८२०, अधिक चाकांचा दुसरा संच. त्याने ३०,००० भरले. फुगवूनही उपयोग नसतो. किमतीचा पुरावा मागितला जातो.

डिडक्टिबल, म्हणजे आधी आपल्या खिशातून जायची रक्कम, इथे बहुधा मान्य किमतीच्या टक्क्यांत असते. रस्त्यावरच्या ५०० किंवा १,००० डॉलरची सवय झालेल्यांना हे खटकते. दहा टक्के म्हणजे ३,०००. त्यामुळे बंपर फुटला, फेंडर चेपला, अशा किरकोळ गोष्टींसाठी ही पॉलिसी नाहीच. ती मोठ्या धडकेसाठी आहे, आणि तसेच असावे.

भाव आला तो वीकेंडला २७० डॉलर. लाइटनिंगलाही तेवढाच, ग्लेनलाही तेवढाच. भाव ठरतो तो मुख्यतः किंमत, दिवस आणि डिडक्टिबल यांवर. ट्रॅकचा स्वभाव त्यात फारसा उतरत नाही, आणि विकत घेणाऱ्याच्या कामाची गोष्ट नेमकी हीच आहे. लाइटनिंग १.९ मैलांचा, बऱ्याच वळणांबाहेर गवत मोकळे. घसरलात तर बहुतेक वेळा चिखल आणि शरम, दोनच गोष्टी घेऊन परत येता. वॉटकिन्स ग्लेन ३.४ मैलांचा, चढउताराचा, वेगवान, आणि कडेला तो प्रसिद्ध निळा गार्डरेल, जागोजागी रस्त्याला चिकटून. तिथे चूक आणि लोखंड यांच्यात अंतर कमी. तेच २७० डॉलर तिथे जास्त काम करतात.

आता पॉलिसीत काय नाही, ते. इथेच लोक गंडतात, म्हणून सविस्तर.

यंत्राचा बिघाड नाही. इंजिन बसले, क्लच जळला, गिअरबॉक्स गेला, तर हा विमा नाही. जीआर८६च्या २.४ लिटर इंजिनात ऑइल पॅन चिकटवताना वापरलेल्या सीलंटचे तुकडे सुटून तेल ओढणाऱ्या नळीच्या जाळीत अडकल्याच्या तक्रारी २०२२पासून मालक करत आले आहेत. लांब उजव्या वळणात तेलाचा दाब पडण्याची चर्चाही त्यातलीच. हे खरे ठरले आणि इंजिन गेले तर वाद वॉरंटीशी घालायचा. ट्रॅक पॉलिसीकडे त्याचे उत्तर नाही. टायर, पॅड, रोटर यांची झीज अर्थातच नाही.

दुसऱ्याच्या गाडीचे नुकसान नाही. ट्रॅकवर शिरताना सही केलेल्या हक्कसोडपत्राचा (वेव्हरचा) साधा अर्थ ‘ज्याचे त्याने पाहावे’ असा आहे. तुम्हाला कोणी ठोकले तरी तुमची गाडी तुमच्याच विम्यातून. आपण सावकाश चालवतो म्हणून विमा नको, हे म्हणणे याच जागी कोसळते.

ट्रॅकच्या मालमत्तेचे नुकसान बहुधा नाही, किंवा असलेच तर ठरावीक छोट्या रकमेपर्यंत. गार्डरेल वाकवला तर पत्रे, खांब आणि मजुरी यांचे बिल चालकाला येते. ग्लेनला जाणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असते. पहिल्यांदा जाणाऱ्याला सोडून.

माणसाच्या इजेचे काही नाही. त्यासाठी आरोग्य विमा, आणि त्यातही धोकादायक छंदांचे कलम आहे का ते पाहणे. आयुर्विम्याच्या अर्जात मोटर रेसिंगचा प्रश्न असतो. एचपीडीई करता हे तिथे स्पष्ट लिहावे. दोन ओळींची लाज वाचवायची आणि पुढे घरच्यांनी निस्तरायचे, हा व्यवहार वाईट.

आणि घड्याळ. स्पर्धा, टाइम ट्रायल, वेळ नोंदवलेल्या फेऱ्या बहुतेक एचपीडीई पॉलिसी वगळतात. फोनमधले लॅप टायमर ॲप त्यात मोडते का, हे विमा घेतानाच लेखी विचारावे. इन्स्ट्रक्टरने दोन फेऱ्या दाखवायला तुमची गाडी चालवली, मित्राने एक सेशन घेतले, तर चालक म्हणून त्यांची नावे पॉलिसीत असावी लागतात. ‘दोनच फेऱ्या’ हा अपवाद कुठल्याच कलमात लिहिलेला नसतो.

गणित, जेवढे करता येते तेवढे

टोटल झाली तर मिळतील २७,०००. २७० भागिले २७,००० म्हणजे एक टक्का. निव्वळ टोटलचाच विचार केला, तर शंभर वीकेंडांत एकदा गाडी पूर्ण संपत असेल तेव्हा हप्ता वसूल. बारा हजारांच्या दुरुस्तीला हातात येतात नऊ हजार. तिथे बरोबरी तीन टक्क्यांवर. खरी शक्यता यापेक्षा कमीच असणार, नाहीतर विमा कंपनीने हा धंदा केलाच नसता. सरासरीने तुम्ही हरता. घराच्या आगीच्या विम्यातही हरताच.

शक्यतेबद्दल एक गोष्ट मात्र नवखे उलटी समजतात. पहिल्या दिवशी विमा हवा, मग हात बसला की नको, असे त्यांना वाटते. पहिल्या दिवशी इन्स्ट्रक्टर शेजारी असतो, भीती जिवंत असते, वेग मनापेक्षा मागे असतो. धोका वाढतो तो इन्स्ट्रक्टर उतरल्यावर: वरच्या गटात एकट्याने, जेव्हा वेग आलेला असतो पण गाडीचा मागचा भाग सुटला तर पाय काय करील, हे अजून पायाला ठाऊक नसते. मे महिन्यातला लाइटनिंग त्याच्यासाठी पहिला प्रकार. ऑक्टोबरातला ग्लेन दुसरा.

म्हणजे ग्लेनचा विमा हवाच, यावर कुणाचे दुमत झाले नाही. लाइटनिंगवर झाले. गवत आहे, इन्स्ट्रक्टर आहे, २७० डॉलर वाचवा, ही एक बाजू. कर्ज दोन्ही ठिकाणी तेवढेच आहे आणि लाइटनिंगवरही समोरचा येऊन ठोकू शकतो, ही दुसरी. आम्ही दुसऱ्या बाजूचे. त्याने पहिली घेतली, आणि मे महिना काही न होता पार पडला. निर्णय बरोबर होता असे यावरून सिद्ध होत नाही.

वाचलेले २७० कुठे गेले

ब्रेकमध्ये. हा भाग त्याने चोख केला. मुळातले पॅड रस्त्यासाठी ठीक. ट्रॅकवर तिसऱ्या-चौथ्या फेरीपासून पेडल कडक राहूनही गाडी थांबेनाशी होते, म्हणजे पॅड तापून पकड सोडतो. पेडल मऊ होऊन खाली जायला लागले तर दोष फ्लुइडचा: पाणी शोषलेले जुने फ्लुइड उकळते, नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि पाय बुडबुडे दाबत बसतो. दोन्ही खुणा वेगळ्या, उपाय वेगळे. त्याने मोतुल आरबीएफ ६०० (कोरडा उत्कलनबिंदू ३१२ अंश सेल्सियस) अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या भरून चारही चाकांची हवा काढली आणि ट्रॅकचे पॅड पुढेमागे बसवले. नव्या पॅडला थेट पहिल्या सेशनला नेऊ नये. पॅड बनवणाऱ्याने सांगितल्याप्रमाणे आधी तापवून बसवून घ्यावे. चाकांचे नट टॉर्क रेंचने ८९ फूट-पाउंड, प्रत्येक सेशननंतर थंड झाल्यावर पुन्हा. तेल पूर्ण खुणेपर्यंत, आणि दर दोन सेशनला काडी पाहायची.

विमा धडकेची किंमत कमी करतो, ब्रेक धडकेची शक्यता. दोन्हींपैकी एकालाच पैसे असतील तर ब्रेकला द्यावेत, आणि मग त्या वर्षी ग्लेनला जाऊ नये.

ऑक्टोबर, शनिवार, पहिले सेशन

सकाळी तापमान सहा अंश सेल्सियस. प्रीमियम मॉडेलला कंपनीतून मिशलिन पायलट स्पोर्ट ४ येतात, उन्हाळी टायर. सात अंशांच्या खाली त्यांचे रबर कडक होते आणि पकड निम्म्याने गेल्यासारखी वाटते. दुसरी फेरी. कॅरोसेल नावाच्या लांब उजव्या वळणातून ट्रॅकच्या ‘बूट’ या भागाकडे उतार लागतो. पुढची गाडी अपेक्षेपेक्षा हळू वाटली, म्हणून त्याने वळणाच्या मध्येच ॲक्सिलरेटर एकदम सोडला. वजन पुढे आले, मागची थंड चाके हलकी झाली, गाडीने शेपूट फिरवली. स्टॅबिलिटी कंट्रोल ट्रॅक मोडवर होते, म्हणजे उशिरा जागे होणारे. मागची डावी बाजू गार्डरेलवर. माणसाला खरचटलेही नाही.

पुढच्या तासाभरात केलेल्या गोष्टींवर क्लेम उभा राहिला. आयोजकांकडून घटनेची लेखी नोंद घेतली. गाडी हलवण्याआधी वळणावर झेंडे दाखवणाऱ्या माणसाने काढलेला फोटो मागून घेतला. नंतर पॅडॉकमध्ये चारही बाजू, चॅसिस क्रमांक, मीटर. सकाळच्या टेक इन्स्पेक्शनचा (गाडीच्या तपासणीचा) सही झालेला कागद गाडीतच होता. विमा कंपनीला फोन दुपारीच केला. कळवण्याची मुदत पॉलिसीत असते. माफी मागणारे ईमेल किंवा ‘माझीच चूक’ असे सांगणारे व्हिडिओ कुठेही टाकले नाहीत. एक चुकले: रोडसाइड असिस्टन्सवर भिस्त ठेवली होती. रेसट्रॅकच्या आतून गाडी उचलायला त्यांनी नकार दिला आणि सव्वादोनशे मैलांसाठी फ्लॅटबेड (गाडी वाहून नेणारा ट्रक) स्वतः बोलवावा लागला.

दुरुस्तीचा अंदाज १४,६०० डॉलर: मागचा क्वार्टर पॅनेल कापून नवा, सबफ्रेम, डावीकडचे सस्पेन्शनचे आर्म, हब, ॲक्सल, बंपर, दिवा, दोन चाके, रंग. मान्य किंमत ३०,००० असल्याने गाडी टोटल ठरली नाही. २३,४००ला काढली असती तर कदाचित ठरली असती, आणि सगळे पैसे बँकेकडे गेले असते.

त्याच्या खिशातून गेले ते असे. डिडक्टिबल ३,०००, गार्डरेलचे बिल १,८५०, फ्लॅटबेड ९५०, तीन आठवड्यांची भाड्याची गाडी ९००, हप्ता २७०. एकूण ६,९७०. विमा नसता तर १८,३००, म्हणजे बाजूला ठेवलेल्या पैशातले ७०० उरले असते. विमा होता म्हणून ११,३३० वाचले; पण विमा होता तरी सात हजारांच्या जवळ गेले, आणि ही दुसरी संख्या आधी कुणी सांगत नाही. गाडीच्या इतिहासात अपघाताची नोंद राहून पुढे विकताना जे कमी येईल, ते यात धरलेले नाही. ॲग्रीड व्हॅल्यूची पॉलिसी त्याचे काही देत नाही.

हेच पुण्यात असते तर

भारतातल्या खासगी गाडीच्या पॉलिसीवर वापराच्या मर्यादा स्पष्ट छापलेल्या असतात: आखीव शर्यत, पेस मेकिंग, स्पीड टेस्टिंग आणि रिलायबिलिटी ट्रायल यांसाठी गाडी वापरल्यास संरक्षण नाही. जुन्या इंडिया मोटर टॅरिफमध्ये रॅलीसाठी आयएमटी ३१ हे जोडकलम आहे, पण तेही शर्यत आणि वेगचाचणी बाहेरच ठेवते. झीरो डेप, इंजिन प्रोटेक्ट, रिटर्न टू इन्व्हॉइस ही जादा पैसे देऊन घ्यायची संरक्षणे मूळ क्लेम मंजूर झाल्यावर बोलणारी. मूळ दार बंद असेल तर त्यांच्या किल्ल्या चालत नाहीत. पुण्याहून चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टाईला किंवा कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेला गाडी नेणाऱ्याने जाता-येतानाचा, एका बाजूलाच हजारावर किलोमीटरचा रस्ता पॉलिसीत आहे आणि ट्रॅकवरच्या फेऱ्या नाहीत, असे धरून चालावे. मग प्रश्न एकच उरतो: हप्ते चालू असलेली गाडी न्यायची, की आयोजकांची भाड्याची गाडी घ्यायची. भाड्याच्या गाडीत नुकसानीची कमाल जबाबदारी किती, ते करारात आधी लिहून घ्यावे.

एडिसनच्या मालकाने पुढच्या हंगामासाठी दोन गोष्टी बदलल्या. कर्ज १७,०००पर्यंत उतरले आहे, बाजूला ठेवलेले पैसे पुन्हा १९,०००वर यायला उन्हाळा लागेल. तोवर प्रत्येक वीकेंडचा विमा, लाइटनिंगसकट. आणि ग्लेनची नोंदणी करण्याआधी त्याने आयोजकांना ईमेल केला: गार्डरेलचे बिल पत्र्यावर लावता की खांबावर, आणि एका खांबाचे किती?